बार्शीची गाडी, नऊ मिलिमीटरवर

घरात चालती छोटी रेल्वे उभारायची असेल तर आधी टेप घेऊन खोली मोजावी लागते. समजा, दहा फूट बाय बारा फुटांची खोली आहे आणि घरच्या मंडळींनी ती अख्खी आपल्याला देऊन टाकली आहे. असं सहसा होत नाही, पण गणितापुरतं मानू. मॉडेल १:८७ या प्रमाणात करायचं. हे प्रमाण जगभर वापरलं जातं. ते कुठून आलं ते पुढे येईलच. आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेज रुळांना भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण देता येत नाही. १७५ ला ८७ ने भागलं की साधारण २ मीटर येतात. म्हणजे गाडी गोल फिरवायची तर वर्तुळाचा व्यास ४ मीटर, तेरा फुटांहून थोडा जास्त. खोली संपली, वर्तुळ बाहेर राहिलं!

आता हेच गणित नॅरोगेजसाठी करून पाहू. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या नॅरोगेजला नियमाप्रमाणे ४४ मीटर त्रिज्येचं वळण चालतं. ४४ भागिले ८७ म्हणजे अर्ध्या मीटरहून किंचित जास्त. एक मीटर व्यासाच्या वर्तुळात खरी, नियमात बसणारी रेल्वे फिरते. वर्गातली दोन बाकं शेजारी जोडली की जागा झाली. दार्जिलिंगच्या दोन फुटी रेल्वेचं सर्वांत तीव्र वळण तर सुमारे १८ मीटर त्रिज्येचं आहे. ते टेबलावर २१ सेंटिमीटरचं होतं.

बाजारात मिळणारे मोठ्या गाडीचे रूळ याहून कितीतरी तीव्र वळणाचे असतात हे खरं. पण त्यांवरून लांब डबे वळताना त्यांची टोकं रुळाबाहेर लोंबतात आणि गाडी खेळण्यातली आहे हे लगेच कळतं. जागा थोडी, वळणं फार आणि पैसे बेताचे, अशा अडचणीतून घरी मॉडेल करणारे नॅरोगेजकडे वळले. खऱ्या नॅरोगेज रेल्वेचा जन्मही याच तीन अडचणींतून झाला. म्हणून टेबलावरच्या या रुळांचा इतिहास सांगायचा तर आधी खऱ्या रुळांचा सांगायला हवा.

वेल्समधल्या फेस्टिनिऑग इथल्या डोंगरातून पाटीचा दगड बंदरापर्यंत आणण्यासाठी १८३६ साली जेमतेम दोन फूट रुंदीची एक लाइन सुरू झाली. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली यायच्या आणि रिकाम्या घोडे वर ओढायचे. इतक्या अरुंद रुळांवर वाफेचं इंजिन चालवणं शहाणपणाचं नाही असं पुष्कळांना वाटे. १८६३ मध्ये तिथे इंजिनं आली. १८७० मध्ये रॉबर्ट फेअर्ली यांच्या दुतोंडी इंजिनाच्या चाचण्या पाहायला परदेशांतून मंडळी आली आणि अरुंद रुळांचा विचार जगभर पसरला. आपल्याकडे बडोद्याच्या गायकवाड सरकारने त्याआधीच, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी लाइन टाकली होती. सुरुवातीला तिच्यावरचे डबे बैल ओढत. इंजिनाचं वजन पेलतील असे जड रूळ तिथे १८७३ मध्ये आले.

बैलांपासून इंजिनापर्यंत जायला अकरा वर्षं का लागली? इथे मुद्द्याची गोष्ट आहे. रूळ जवळजवळ आणले की रेल्वे आपोआप स्वस्त होत नाही. जागा थोडी कमी लागते, स्लीपर आखूड होतात, पण इंजिन जर जडच राहिलं तर रूळ जाड हवेत, पूल भक्कम हवेत, भराव पक्का हवा. मग वाचलं काय? मोठ्या रेल्वेची प्रमाणं तशीच ठेवून ती नुसती आकसून घेतली तर तिच्या खोडी तेवढ्या शिल्लक राहतात.

हे ज्याने नीट ओळखलं तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता. १८८२ साली तो जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी हे तेव्हा कापसाच्या व्यापाराचं गाव. पण मुंबई-मद्रास लोहमार्गापासून सुमारे ३४ किलोमीटर दूर. माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत जाई. कॅलथ्रॉपने तिथे अडीच फुटी लाइनची योजना मांडली. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन सुरू झाली.

कॅलथ्रॉपचा विचार असा होता. रस्ता किती मजबूत हवा, हे गाडीचं एकूण वजन ठरवत नाही. सर्वांत जड आख ठरवतो. आख म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, ॲक्सल. बैलगाडीवाल्याला हे सांगावं लागत नाही. गाडीच्या वीस आखांपैकी एकावर दहा टन आणि बाकीच्यांवर तीन-तीन टन भार असेल, तर त्या एकासाठी सगळा मार्ग दहा टनांचा बांधावा लागतो आणि उरलेले आख त्या मजबुतीचा उपयोगच करत नाहीत. म्हणून त्याने ठरवलं, इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, कोणत्याही आखावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. पण जमेल तिथे तो पाचापर्यंत पोचायला मात्र हवा. मग मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे हलके रूळ पुरले. लीड्सच्या किटसन कंपनीने इंजिन बनवलं ते सहा आखांचं, त्यातले चार ओढणारे. वाघिणी चार आखांच्या, दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यावर बसवलेल्या, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. अडीच फूट रुळांवर सात फुटी डबा! रुळांच्या रुंदीच्या जवळजवळ तिप्पट. आपल्या ब्रॉडगेज डब्यात हे प्रमाण दुपटीलाही पोचत नाही. हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले इथे हे डबे चालवून दाखवण्यात आले.

नॅरोगेजवर एक जुना आक्षेप होता. जिथे ती मोठ्या रेल्वेला मिळते तिथे सगळा माल हमालांकरवी उतरवून पुन्हा चढवावा लागतो. कॅलथ्रॉपने १९०४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी लाइनवर यावर उपाय केला. तिथे मोठ्या रेल्वेची वाघीण जशीच्या तशी नॅरोगेजच्या एका ठेंगण्या गाडीवर बसवत आणि पुढे नेत. त्या लाइनच्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचंच नाव होतं. १९३४ मध्ये ती बंद पडली. बार्शीची मात्र वाढत गेली: १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी ती पाहिली.

आता टेबलाकडे येऊ. खेळण्यातल्या रुळांची मापं ठरवून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये केला. रुळांना १, २, ३ असे क्रमांक दिले. आकडा मोठा तसा रूळ रुंद. पुढे १ पेक्षाही लहान रूळ हवेसे झाले तेव्हा त्याला शून्य म्हणावं लागलं. शून्य क्रमांकाचा रूळ ३२ मिलिमीटरचा. त्याहून लहान करायची वेळ आली तेव्हा आकडेच संपले होते! मग त्याला अर्धा शून्य म्हटलं गेलं. गणिताच्या शिक्षकांनी कानांवर हात ठेवावेत, पण जगातलं सर्वांत लोकप्रिय माप आजही ‘एच-ओ’, म्हणजे ‘हाफ झीरो’, याच नावाने ओळखलं जातं. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. प्रमाण काढलं ते मिलिमीटर आणि फूट यांची खिचडी करून: खऱ्यातला एक फूट म्हणजे मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर. एक फूट ३०४.८ मिलिमीटरचा, त्याला ३.५ ने भागलं की ८७.१. तो १:८७ इथून आला. युरोप-अमेरिकेतली स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं की बरोबर १६.५.

इंग्लंडात मात्र घोळ झाला. तिथल्या रेल्वेचे बोगदे आणि पूल जुने, ठेंगणे. त्यामुळे इंजिनंही युरोपातल्यापेक्षा लहान. १:८७ मध्ये ती इतकी बारीक होत की त्या काळातली विजेची मोटर त्यांत मावेना. यावर तोड अशी काढली की वरचं शरीर जरा मोठं, फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात करायचं आणि खालचा रूळ १६.५ चाच ठेवायचा. १९३८ मध्ये निघालेल्या हॉर्नबी डब्लो या प्रसिद्ध खेळण्याने हेच माप घराघरांत नेलं. फुटाला चार मिलिमीटर म्हणजे १:७६.२. त्या हिशेबाने १६.५ मिलिमीटरचा रूळ खऱ्यातला १२५७ मिलिमीटर होतो. म्हणजे इंग्लंडमधली बहुतेक सगळी मॉडेल रेल्वे नकळत सव्वा मीटरच्या नॅरोगेजवर धावत आली! काही चोखंदळ मंडळींनी पुढे हातांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ टाकले. बाकीच्यांची नजर सरावली.

मुद्दाम नॅरोगेज करण्याचा छंद वाढला तो वेगळ्या वाटेने. लंडनचे जॉन अहर्न यांनी १९३० च्या दशकापासून मॅडर व्हॅली नावाची एक काल्पनिक छोटी रेल्वे घरात बांधली. गाडीइतकंच, किंबहुना जास्तच, लक्ष त्यांनी गावाकडे, घरांकडे, पुलांकडे दिलं. त्यांचं हे काम इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयात जपलेलं आहे. एडिंबरामध्ये पी. डी. हॅनकॉक यांनी आपल्या घरातल्या रेल्वेला एक नॅरोगेज फाटा जोडला. पण अशांना चाकं, मोटर, रूळ सगळं स्वतः घडवावं लागे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने १:१६० प्रमाणाची अगदी बारीक गाडी काढली. तिचा रूळ ९ मिलिमीटरचा. ‘नऊ’वरून तिला ‘एन’ म्हणतात. आणि कारागिरांच्या लक्षात आलं, की ही चाकं आणि मोटर घेऊन त्यावर १:८७ चं शरीर बसवलं तर आयती नॅरोगेज तयार होते! म्युनिकच्या एगर-बान कंपनीने त्याच दशकात अशा तयार गाड्या विकायला काढल्या. मोठी मापं आवडणाऱ्यांसाठी जर्मनीच्याच लेमान कंपनीने १९६८ मध्ये बागेत चालणारी ४५ मिलिमीटरची गाडी आणली. तीही मीटरगेजचंच मॉडेल, १:२२.५ प्रमाणातलं.

आपल्या गाड्या या परदेशी रुळांवर कशा बसतात, हे विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावं असं गणित आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागलं की १९.३ मिलिमीटर. असा रूळ बाजारात तयार मिळत नाही. त्यामुळे भारतीय गाड्यांची मॉडेलं बहुतेक १६.५ वरच चालवली जातात आणि जरा काटकुळ्या पायांची दिसतात. माथेरानची दोन फुटी रेल्वे ६१० मिलिमीटरची; १:८७ मध्ये तिला ७ मिलिमीटर हवेत. तेही माप सहज मिळत नाही. आणि बार्शी? ७६२ भागिले ८७ बरोबर ८.७६. बाजारातला रूळ ९ चा. फरक पाव मिलिमीटरहून कमी, शेकडा तीनही नाही. देशातली सर्वांत मोठी गेज तयार रुळांवर बसत नाही आणि बार्शी लाइट जवळजवळ बिनचूक बसते.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मुलांना घेऊन तिथे जाणाऱ्या शिक्षकांनी गाड्यांबरोबर वळणांकडेही पाहावं.

मॉडेल आणि खरी गाडी यांत काय काय सारख्या प्रमाणात लहान होत नाही, हा पदार्थविज्ञानाच्या तासाचा ऐवज आहे. लांबी ८७ पट कमी होते; वजन मात्र ८७ चा घन, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी. बार्शीच्या सहा आखांच्या इंजिनाचं वजन, आखाला ५ टन धरून, फार तर ३० टन. मॉडेलमध्ये ते ४६ ग्रॅमच्या आत यायला हवं. एवढं हलकं इंजिन रुळांना नीट चिकटत नाही, धुळीच्या कणावर चढलं की वीज तुटते आणि थांबतं. म्हणून करणारे आत शिशाचे तुकडे भरतात. कॅलथ्रॉपला वजन कमी ठेवायचं होतं आणि आपल्याला ते वाढवायचं आहे. पण ते सगळ्या चाकांवर सारखं वाटून द्यायला हवं, हे तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच. एका टोकाला शिसं कोंबलेलं इंजिन दुसऱ्या टोकाने रुळावरून उतरतं.

वेगाचं तर विचारूच नका. ताशी २० किलोमीटर वेगाची गाडी मॉडेलमध्ये सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर एवढीच सरकायला हवी. मुलं चौपट वेगाने पळवतात आणि तरी ती वळणावर उलटत नाही. का? वळणावर लागणारं त्वरण वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळतं. वेग आणि त्रिज्या दोन्ही ८७ पट कमी केल्या की ते त्वरणही ८७ पट कमी होतं. गुरुत्वाकर्षण मात्र तेवढंच राहतं. माथेरानची गाडी वळणावर इतकी सावकाश का जाते, हे मॉडेल पाहून कधीच कळणार नाही. इथे मॉडेल चक्क खोटं बोलतं. पडणाऱ्या वस्तूंचंही तसंच. दहा मीटर उंचीच्या पुलावरून पडायला खऱ्या डब्याला दीड सेकंद लागेल, मॉडेलला त्याच्या नवव्या हिश्शाएवढाच. म्हणून सिनेमावाले मॉडेलचा अपघात जास्त वेगाने चित्रित करून पडद्यावर सावकाश दाखवतात.

चढाचं मात्र खोटं नसतं, कारण तो कोन आहे. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या लाइनवर २० मीटरला १ मीटर असा चढ आहे. टेबलावरही तो एका मीटरला ५ सेंटिमीटरच राहतो. नेरळपासून माथेरानपर्यंतची सुमारे ७६० मीटर उंची १:८७ मध्ये पावणेनऊ मीटर होते, जवळजवळ तीन मजले. कोणाच्याही घरात अख्खी लाइन मावत नाही. कुर्डुवाडी ते बार्शीचेच सुमारे ३९० मीटर होतील. तेव्हा काय वगळायचं हे ठरवणं आलं.

आमची सूचना अशी, की कुर्डुवाडीचा मालधक्का करावा. ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी-शेजारी, मध्ये फलाट आणि त्यावर गठ्ठे उतरवणारे हमाल. चार फूट बाय दीड फुटाच्या प्लायवूडवर तो बसतो. रूळ, सांधे आणि इंजिनाचा चाकांचा संच विकत घ्यावा. ते घरी करण्याच्या भानगडीत पडू नये. वाघिणी मात्र जाड कार्डाच्या घरीच होतात. २५ फूट गुणिले साडेतीन, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरहून थोड्या लांब, खडूच्या नव्या कांडीएवढ्या. वीज १२ व्होल्ट डी. सी.; एक रूळ धन, एक ऋण, आणि तारा उलटवल्या की गाडी उलटी धावते. रूळ वळवून परत त्याच लाइनला जोडला की धन रूळ ऋणाला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. हा प्रसंग मुलांवर एकदा येऊ द्यावा, मग कारण विचारावं.

जमिनीसाठी काळी माती वाळवून, चाळून डिंकाच्या पाण्याने बसवावी. आधी तीतून लोहचुंबक फिरवावा. आपली माती बेसॉल्टची. तिच्यातले काळे चुंबकीय कण मोटरमध्ये शिरले तर ती बंद पडते. चुंबकाला चिकटलेला काळा भुगा वर्गात दाखवण्याजोगा असतो. उभी ज्वारी सव्वादोन सेंटिमीटरची. जुन्या ब्रशचे केस चालतात. हमालांची उंची १९ मिलिमीटर.

खरी जागा आज तशी नाही. १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली. या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूरपासून गेज बदलायला सुरुवात झाली, २००८ मध्ये लातूरचा भाग पुरा झाला आणि २०१० मध्ये मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आली. माल उतरवण्या-चढवण्याचा तो जुना त्रास संपला, आणि हमालांचं ते कामही. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर या भागांतल्या शाळांना मात्र एक सोय आहे. लाइनवर काम केलेली माणसं अजून गावांत भेटतात. मालधक्का किती लांब होता, नॅरोगेजचा फलाट किती ठेंगणा होता, गठ्ठे कसे रचत, रात्री कंदील कुठे टांगत, हे पुस्तकांत सापडणार नाही. मुलांनी वही आणि टेप घेऊन जावं, पावलांनी सांगितलेली मापं फुटांत करावीत आणि साडेतीनने गुणावीत.

राहता राहिला ब्रॉडगेजचा रूळ, जो बाजारात मिळत नाही. मालधक्क्यावर मोठी वाघीण उभीच असते, चालत नाही. तेव्हा पितळेच्या दोन पट्ट्या १९.३ मिलिमीटर अंतरावर चिकटवाव्यात आणि त्यावर एक कार्डाची वाघीण कायमची उभी करावी. शेजारून ९ मिलिमीटरवर बार्शीची गाडी येऊन थांबली की दोन्ही मापं प्रथमच एकमेकांशेजारी खरी दिसतात.